लासूरला पृथ्वी जेवायला थांबते

कोल्हापूरहून संभाजीनगरजवळच्या लासूर स्टेशनला कुणी हवापालटासाठी जात नाही, हे मला मान्य आहे. लोक वेरूळ बघतात, मकबऱ्यासमोर फोटो काढतात, पैठणीच्या दुकानात नवऱ्याला घाम फोडतात आणि परत येतात. मी यातलं काहीच केलं नाही. मी पृथ्वी फिरताना बघायला गेले होते, आणि जे बघून आले त्याचा धक्का अजून उतरलेला नाही. आल्या दिवसापासून आमचे हे विचारताहेत, "मग, फिरते का?" फिरते हो, फिरते. पण जरा दमानं ऐका तरी.

मी जन्मभर सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकवलं. सैद्धांतिक म्हणजे खडू आणि फळा. प्रयोगशाळेत मी पाय ठेवला की तिथले सहायक यंत्रं झाकून ठेवायचे, कारण मी हात लावलेलं यंत्र त्या दिवशी चालत नसे. तर अशा माझ्याकडे रुखसाना नावाची एक मुलगी एमएस्सीला होती. तिचे वडील तेव्हा कोल्हापुरात नोकरीला होते. वर्गात पहिली आली, लग्न होऊन लासूर स्टेशनला गेली, जवळच्या कॉलेजात शिकवू लागली. पण स्वस्थ बसणं तिच्या रक्तात नाही. मोठमोठ्या सिद्धांतांची भाकितं भंगारातल्या सामानावर तपासून बघायची, हे तिचं वेड. दिवाळीनंतर एकदा फोनवर म्हणाली, "मॅडम, सासऱ्यांच्या जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये मी लंबक टांगलाय."

लंबकाची गोष्ट सोपी आहे. उंच छतापासून लांब तारेने जड गोळा टांगायचा आणि झोका द्यायचा. गोळा आपल्या एका रेषेत झुलत राहतो. खालची पृथ्वी मात्र फिरते, त्यामुळे आपल्याला ती रेषाच हळूहळू वळताना दिसते. ध्रुवावर ती दिवसभरात पुरी फेरी मारते, विषुववृत्तावर हलतसुद्धा नाही, आणि लासूरसारख्या ठिकाणी फेरीला जवळजवळ तीन दिवस लागतात. म्हणजे तासाला साधारण पाच अंश. हे मी शेकडो पोरांना फळ्यावर सिद्ध करून दाखवलंय. डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"आकडा येतोय का बरोबर?" मी विचारलं.

ती जरा घुटमळली. "थोडा कमी येतो, मॅडम."

"कमी? कमी कसा येईल? मी येते."

"नको मॅडम, एवढ्या लांब कशाला..."

मला वाटलं, संकोच करतेय. तिचं 'नको' मी मोडीत काढलं आणि तिकीट काढलं.

गारखेडा

संभाजीनगरला रुखसानाचा नवरा जीप घेऊन आला होता. इरफान, कापसाचा व्यापारी, बोलायला मऊ. म्हणाला, "मॅडम, आधी इथंच गारखेड्याला जाऊ. रुखसाना दवाखान्यात आहे." दवाखान्याच्या पायरीवर ती उभी, हसत, आणि पोट चांगलं दिसण्याइतकं पुढं आलेलं.

"अगं भवाने! फोनवर अक्षर बोलली नाहीस!" मी रस्त्यातच ओरडले.

"कुणालाच सांगितलं नाही, मॅडम. याआधी दोनदा..." तिने वाक्य तिथंच सोडलं. इरफान उगाच जीपची किल्ली चाचपत बसला.

दोन्ही वेळा पोर पोटातच गेलं होतं, इतके महिने कधी टिकलं नव्हतं. या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की सगळं ठीक आहे, चालतंफिरतं राहा, काळजी करू नका. काळजी करू नका म्हणणं किती सोपं. मला एकदम वाटलं की आपण चुकीच्या वेळी आलो, पण तोवर इरफानने जीप नान-खलियाच्या दुकानाकडे वळवली होती.

आम्हा कोल्हापूरकरांना वाटतं की रस्सा म्हणजे आपलीच जहागीर. हा खलिया म्हणजे मटणाचा रस्साच, पण हळदी रंगाचा, वर तेलाचा तवंग, आणि सोबत पिवळसर तुकतुकीत जाडजूड नान. तिखटाचा जाळ होईल म्हणून मी पाण्याचा पेला हाताशी धरला होता, तर मसाला इतका सावकाश चढत गेला की पेला तसाच राहिला. मी दोन नान खाल्ले. तांबड्या रश्शाशी मी बेइमानी केली, हे कोल्हापुरात कुणाला सांगू नका.

लासूर स्टेशन

शेड बघून मी तोंडाचा आ वासला. कापूस येणं कधीच बंद झालेलं, यंत्रं विकलेली, आणि रिकाम्या जागेत देवळाच्या मंडपाइतकं उंच छप्पर. मधल्या तुळईला एक जाडजूड लोखंडी कडं. त्याला पोलादी तार, आणि तारेला जुन्या यंत्राचा भरीव गोळा, कलिंगडाएवढा. गोळ्याखाली एक खिळा, आणि जमिनीवर ज्वारीच्या पिठाचा गोल बांध. रुखसानाने गोळा सुतळीने खांबाला ओढून बांधला, मग काडी ओढून सुतळी जाळली. हाताचा धक्का लागला तर गोळा तिरका जातो, म्हणून ही युक्ती. सुतळी तुटली आणि गोळा निघाला. इतका सावकाश, इतका बिनआवाजी की माझ्या अंगावर काटा आला.

थोड्या वेळाने खिळ्याने पिठाचा बांध फोडला. मग त्याच्या शेजारचं पीठ फोडलं. मग त्याच्या शेजारचं. तासाभरात फुटलेलं पीठ वीतभर होत आलं. मी अक्षरशः खाली बसले. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, ती सरकताना बघितली मी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी पदराने पुसलं, कारण शेडची राखण करणारी काशीबाई माझ्याकडे टक लावून बघत होती.

काशीबाई धनगराची. नवरा मेंढरं घेऊन फिरतो, ही शेडच्या अंगाला खोपट करून राहते. शेडच्या आत मात्र ती येत नाही, उंबऱ्यातनंच बोलते.

"आत या की," मी म्हटलं.

"नाय बाई. मला लई भेव वाटतं त्याचं."

"गोळ्याचं कसलं भेव?"

"आवं, त्ये कडं पाळण्याचं हाय," ती म्हणाली, आणि मेंढीचं कोकरू शेडमध्ये शिरत होतं त्याला हाकलायला लागली.

दुपारी रुखसानाच्या सासूबाईंचा, अम्मींचा, जेवायला निरोप आला. माणसांच्या वावराने वारा लागू नये म्हणून शेडला कुलूप लावून सगळे घरी जायचे, असा तिथला रिवाज. "तुम्ही व्हा पुढे, मी कुलूप लावून येते," रुखसाना म्हणाली. जेवण, गप्पा, अम्मींचा आग्रह, "खाओ बाई, शर्मावो नक्को." परत निघताना रुखसाना म्हणाली, "मी पुढे जाऊन उघडते, तुम्ही चहा घेऊन या."

आणि मी जाऊन बघते तर काय! गोळा झोकात झुलतोय, सकाळपेक्षाही झोकात, पण पिठाचा बांध जेवायला जाताना जिथं फुटला होता तिथंच. पुढं एक बोटसुद्धा नाही. त्यानंतर पुन्हा वीतभर तासाला, तंतोतंत सिद्धांतासारखं, संध्याकाळपर्यंत.

"रुखसाना," मी म्हटलं, "लासूरला पृथ्वी दुपारी जेवायला थांबते."

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी फिरली, जेवायला थांबली, जेवून उठली की पुन्हा कामाला. मला धक्का बसणं सोडाच, रात्री ताप येतो की काय असं वाटायला लागलं. तार पिळतेय का, छप्पर उन्हाने ताणतंय का, काय काय मी डोक्यात आणलं. झोक्याचा जोर आपोआप कधी वाढत नाही, हे शाळेतलं पोर सांगेल. पण मी पडले सैद्धांतिक! घर्षण आम्ही पहिल्याच ओळीत सोडून देतो.

खुलताबाद

तिसऱ्या दिवशी अम्मींना खुलताबादला दर्ग्यात जायचं होतं, सुनेसाठी. रुखसानाने घरी विश्रांती घेतली आणि मी अम्मींबरोबर गेले. डोंगरावरचं तटबंदीचं गाव, थंडीतलं कोवळं ऊन, वेशीजवळ टोपलीत अंजिरं मांडून बसलेल्या बाया. अम्मींनी आत धागा बांधला, डोळे मिटून बराच वेळ ओठ हलवले. मी बाहेर चपला राखल्या. आमच्याकडे जोतिबाला बाया जे करतात तेच, फक्त गुलालाच्या जागी फुलांची चादर.

अंजिरं खाता खाता अम्मी म्हणाल्या, "बाई, तुमसे एक बात बोलूं? वो झूला तुमी बंद करवा दो. मेरी तो सुनती नै."

"कोणता झुला?"

"वही, शेडवाला. हमारे जिनिंग में औरतां काम करती थीं ना, उस कडे कू लंबी रस्सी डाल के बच्चे की झोली बांधती थीं. इरफान की झोली भी वहींच थी. अब उसी कडे कू खाली झूला हिलता. खाली झूला नै हिलाते बाई. बच्चे पे आता."

हातातलं अंजीर हातातच राहिलं. रिकामा पाळणा हलवू नये! अहो, माझी आईसुद्धा हेच म्हणायची. आम्ही भावंडं गंमत म्हणून पाळण्याला झोका द्यायचो तर पाठीत धपाटा बसायचा. कोल्हापूर काय, लासूर काय, हिंदू काय, मुसलमान काय, धपाटा एकच! आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. पृथ्वी कशाला थांबेल? कुणीतरी गोळा थांबवतंय!

"अम्मी, खरं सांगा, तुम्ही दुपारी शेडमध्ये जाता का?"

अम्मींचा चेहरा उतरला. "मैं? बाई, तुमारे सामने तो रोटियां सेंकती थी मैं!"

खरंच की. दोन्ही दिवस त्या माझ्या ताटात वाढत होत्या. मी माफी मागितली, पण परतीच्या वाटेवर त्या माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. माझा सगळा संशय काशीबाईवर गेला. संध्याकाळी तिने आम्हाला हुरडा खायला बोलावलं होतं. आगटीतली गरम कणसं हातावर चोळून देत होती, लसणाची चटणी पुढं सरकवत होती, आणि मी बया तिचाच हुरडा खात तिलाच चोर ठरवत होते.

"काशीबाई, तुम्ही गोळा धरता ना?"

"म्या?" तिने कणीस खाली ठेवलं. "म्या तर उंबरा वलांडत नाय. आन् किल्ली कुटं हाय माज्याकडं?"

किल्ली. मी पुढचा हुरडा न चावता गिळला.

पुन्हा लासूर

दुसऱ्या दिवशी जेवायला निघाल्यावर मी अर्ध्या वाटेत अम्मींना म्हटलं, "चष्मा विसरले," आणि माघारी फिरले. शेडचं दार नुसतं लोटलेलं होतं.

रुखसानाने गोळा दोन्ही हातांनी धरला होता. पोटाशी. नुसता थांबवला नव्हता, अगदी धरून उभी होती, डोळे मिटून. मग हळूच ती ओढणीने त्याला खांबाशी बांधायला लागली.

अहो, मी उंबऱ्यातच थांबले. अम्मींनी केलं असतं तर मी समजावलं असतं, काशीबाईने केलं असतं तर हसले असते. पण ही! माझ्या हाताखालची, वर्गात पहिली आलेली!

"तू?"

ती दचकली, पण ओढणी सोडली नाही. "मॅडम, मला माहितीय काही होत नाही. शप्पथ माहितीय. माणसं असली की काही वाटत नाही. पण सगळे गेले आणि तो एकटाच हलायला लागला की माझा हात जातो. दोन गेली हो, मॅडम. तेव्हा काही टांगलं नव्हतं, तरी गेली. आता हे तिसरं आहे. मी काय करू?"

"आणि आकडा?" मी ओरडले. होय, मी हेच ओरडले. पोटुशी पोर समोर रडतेय आणि या बाईला आकडा हवा! "मी तीन दिवस डोकं फोडून घेतेय, सांगायचं तरी!"

"म्हणून तर नको म्हणत होते."

जेवून आल्यावर ती गोळा शेवटच्या फुटलेल्या पिठाच्या रेषेतच ओढून पुन्हा सोडायची. मी तिथंच पिठाच्या बांधाशी बसून हिशेब केला. थांबलेला वेळ वजा केला की आकडा चोख जुळत होता, सिद्धांताला कुठंही ओरखडा नव्हता. इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण स्वभावाला औषध नाही. मी म्हटलं, "हे बघ, हे भूत आजच उतरवायचं. गोळा सोड. तू घरी जाऊन जेव. मी इथं बसते, मी आहे ना, मग तो एकटा कुठं राहतो? एकदा तरी दुपार न चुकवता संध्याकाळपर्यंत सलग चालू दे. मग तुझं तुलाच कळेल."

तिने माझ्याकडे बघितलं. बाईंचा शब्द मोडायची तिला सवय नव्हती. तिने गोळा पुन्हा सुतळीने ओढून बांधला, काडी ओढली, आणि मागं न बघता बाहेर पडली.

मी जुन्या पोत्यावर बसले. गोळा झुलत होता, येत होता, जात होता. पहिल्या दिवशी त्याच्याकडे बघून माझे डोळे भरले होते. आता सारखी नजर वर कड्याकडे जाऊ लागली. मी मनात सूत्र म्हणायला लागले, अक्षांशाचा साइन, पृथ्वीचा वेग. पीठ फुटत होतं, बरोबर फुटत होतं.

तेवढ्यात काशीबाई धावत आली आणि पहिल्यांदाच उंबरा ओलांडून सरळ आत शिरली. "बाई, चला, चला! रुखसानाबाईच्या पोटात कळ आली! घास हातातनंच पडला. इरफानभौ जीप काढाया लागले, गारखेड्याला निगालेत."

मी दाराकडे धावले. बाहेर जीपचा भोंगा वाजत होता, अम्मींचा आवाज येत होता. काशीबाईने कडीला लटकलेलं कुलूप माझ्या हातात कोंबलं. मी दार ओढलं, कडी घातली.

आतमध्ये तो एकटाच झुलत होता.

मी कडी काढली. परत आत गेले. कुणी मला सांगितलं नव्हतं, काशीबाई बोलली नव्हती, माझ्या डोक्यात कसलाही विचार नव्हता. मी तो गोळा दोन्ही हातांनी धरला. जड होता, मला पावलभर फरफटत घेऊन गेला. मी तो छातीशी दाबून धरला, पूर्ण थांबेपर्यंत, आणि खांबापाशी पडलेल्या तिच्या ओढणीने खांबाला आवळून बांधला, गाठीवर गाठ मारली. मग जीपमध्ये जाऊन बसले. माझ्या ब्लाऊजला गंजाचे डाग पडले होते.

पुन्हा गारखेडा

वाटेतलं मला काही आठवत नाही. अम्मींनी रुखसानाचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि त्या पुटपुटत होत्या, मीही काहीतरी पुटपुटत होते. काय ते विचारू नका. मी गेली कित्येक वर्षं देवासमोर हात जोडलेले नाहीत.

दवाखान्यात तिला आत नेलं. आम्ही बाकड्यावर. इरफान भिंतीला टेकून उभा. मी मनात स्वतःला लाखोली वाहत होते. काही झालं तर या माणसाला मी काय सांगणार? की बाबा, मला सलग आकडा हवा होता? गोळ्याने काही होत नाही हे मला तेव्हाही पटत होतं, आजही पटतं. पण त्या बाकड्यावर बसून ते मला कुणीतरी सांगितलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

खूप वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "बाळ छान आहे. ताणाने कळ आली होती, आता थांबलीय. रात्रभर इथंच राहू द्या." अम्मी तिथंच खाली बसल्या. इरफानने तोंडावर रुमाल धरला.

एकेकाला आत सोडत होते. मी गेले तेव्हा नर्सने तिच्या पोटावर यंत्र टेकवलेलं होतं आणि खोलीभर बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकू येत होते, धावत सुटल्यासारखे. रुखसानाचा चेहरा पांढराफटक, पण डोळे उघडे. मला बघून तिने पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, तो चालू आहे का अजून?"

"नाही," मी म्हटलं. "मी थांबवला."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्ही?"

"मी. धरला आणि बांधून आले."

मग तिच्यातली विद्यार्थिनी जागी झाली. "मग सलग आकडा?"

"आकडा गेला खड्ड्यात," मी म्हणाले.

आणि ते वाक्य स्वतःच्या तोंडून ऐकून मीच हादरले. तिने माझा हात ओढून घेतला, यंत्राच्या शेजारी पोटावर ठेवला, आणि म्हणाली, "मॅडम, हात गंजाने भरलाय तुमचा." मी तो मागं घेतला नाही.